पान वेगळं निघालं, पुढे काय? परसातल्या भाजीतला बदल पिढीजात आहे का, हे तपासायची रीत

भाजीच्या मळ्यात कधीतरी एखादं झाड चारचौघांत वेगळं उठून दिसतं. टोमॅटोचं पान कातरलेलं असायला हवं, तर ते बटाट्यासारखं रुंद आणि सपाट काठाचं. भेंडीच्या पानाच्या खाचा इतक्या खोल की पानाचा नुसता पंजा उरलेला. शेजारची काकी गडग्यापलीकडून बघते आणि निकाल देते, "रोग पडलो, दुसरा काय!" घरातला कृषी पदविकेला असलेला पोरगा म्हणतो, म्युटेशन (उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल) आहे, नवीन जात सापडली. बहुतेक वेळा काकीचंच खरं निघतं. ती उरलेली एखादी वेळ कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचं, ते इथे लिहितो. लागणारं सामान घरातच मिळेल: चिमटा, दोरा, मलमलचं फडकं, चिठ्ठ्या आणि वही. वेळ मात्र दोन-तीन हंगामांचा द्यावा लागतो.

आधी थोडं पानाच्या घडणीबद्दल

हा भाग वगळावासा वाटेल, पण पुढची गणितं यावरच उभी आहेत. झाडाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा पुंजका असतो. तिथे 'नॉक्स' नावाच्या गटातली जनुकं चालू असतात आणि पेशींना कोवळं ठेवतात. जिथे पान फुटायचं तिथे ही जनुकं बंद होतात. टोमॅटोसारख्या संयुक्त पानात ती थोड्या वेळाने पुन्हा चालू होतात, म्हणून एकाच पानातून पर्णिकेमागून पर्णिका (पानातली छोटी पानं) निघत राहते. कोवळ्या पानाच्या काठावर ऑक्सिन हे संप्रेरक ठरावीक ठिकाणी साठतं. साठतं तिथे पर्णिका किंवा दात पुढे येतो आणि दोन साठ्यांच्या मधे वाढ दबून खाच पडते. शेवटी 'टीसीपी' गटातली जनुकं पानाची वाढ आवरती घेऊन त्याला पक्व करतात.

यातलं काहीही बिघडलं की आकार बदलतो, आणि कसं बिघडलं यावर तो गुण प्रभावी की अप्रभावी हे बरंचसं ठरतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एकच बदललेली प्रत गुण दिसायला पुरली तर तो प्रभावी, दोन्ही लागल्या तर अप्रभावी. टोमॅटोतलीच उदाहरणं घेऊ. 'एंटायर' या प्रकारात ऑक्सिनचा परिणाम आवरणारं जनुक निकामी झालेलं असतं. ऑक्सिनचा असर काठभर पसरतो, खाचा पडत नाहीत आणि पान जवळजवळ अखंड निघतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असली तरी काम भागतं, म्हणून हा गुण अप्रभावी. 'माउस इअर्स'मध्ये उलट आहे: नॉक्स जनुक गरजेपेक्षा जास्त चालतं, पर्णिकांना पर्णिका फुटत जातात. इथे एक बिघडलेली प्रतही गोंधळ घालायला पुरते, म्हणून गुण प्रभावी. 'लॅन्सिओलेट'मध्ये टीसीपीचं एक जनुक त्याला लगाम घालणाऱ्या सूक्ष्म आरएनएला दाद देत नाही. पान घाईने पक्व होतं आणि भाल्याच्या पात्यासारखं साधं राहतं. तिथे एक प्रत बदललेली असली तर पान लांबट होतं. दोन्ही बदललेल्या असल्या तर रोप फारच दुबळं निघतं, कधीकधी त्याला धड शेंडाही धरत नाही.

मोडून पडलेलं जनुक बहुधा अप्रभावी, बेफाम चालणारं बहुधा प्रभावी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पहिली पायरी: तोतये ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. कोकणात पानाचा आकार बिघडवणारे उपटसुंभ भरपूर आहेत.

तणनाशकाचा नंबर पहिला. भातखाचरात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारतात आणि वाऱ्याबरोबर त्याचे बारीक तुषार बांधावरच्या भाजीवर येतात. टोमॅटो आणि भेंडी याला फार हळव्या. नवीन पानं अरुंद, पट्टीसारखी होतात आणि शिरा एकमेकींना समांतर धावतात. भेंडीचं असं पान पाहून कुणीही फसेल. ओळख अशी की बांधाच्या बाजूची ओळच्या ओळ बिघडते आणि फवारणीआधीची खालची पानं ठीक असतात. उत्परिवर्तनाचं झाड सहसा एकटं असतं आणि ते खालपासून वरपर्यंत वेगळं असतं.

दुसरा तोतया आपली जमीन. जांभ्याच्या आम्ल मातीत मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य पिकाला नीट मिळत नाही. फुलकोबीत मग पानाचं पातंच धरत नाही, मधली शीर चाबकासारखी उरते. मातीत चुना घालून पुढची लागवड केली की हा 'नवा गुण' नाहीसा होतो.

कीड आणि रोग तर आहेतच. मिरचीवर चुरडा-मुरडा पाहताना पान उलटं करून भिंग लावा: फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात, कोळी या बारीक किडींनी खाली. वांग्यावरचा पर्णगुच्छ हा सगळ्यात फसवा. पानं बोटाच्या पेराएवढी, झाड झुडपासारखं गच्च, फुलं हिरवी. तुडतुड्यांनी पसरवलेला तो रोग आहे, उपटून जाळा. टोमॅटोत मात्र उलटीही गंमत आहे. 'वायरी' नावाच्या खऱ्या उत्परिवर्तनात पानं तारेसारखी होतात आणि ती हुबेहूब विषाणूग्रस्त झाडासारखी दिसतात. म्हणजे नुसत्या नजरेने निकाल लागत नाही, कुठल्याच बाजूने.

म्हणून दोन चाचण्या करा. टोमॅटोच्या बेचक्यातली फूट खुडून स्वच्छ कुंडीत, शेणखत घातलेल्या चांगल्या मातीत लावा. ती सहज मुळं धरते. नवीन पानं नेहमीसारखी आली तर दोष तणनाशकाचा किंवा मातीचा होता. पानं वेगळीच राहिली तर रोग किंवा जनुक, दोन्ही शक्य. मग दुसरी चाचणी: संशयित झाडावर निरोगी टोमॅटोच्या शेंड्याचं पाचर कलम बांधा. आंब्याच्या कोय कलमाचा हात असलेल्याला हे काहीच नाही. कांडी लागली की तिच्या नव्या पानांवर लक्ष ठेवा. विषाणू कलमाच्या सांध्यातून वर चढतो आणि निरोगी कांडीही बिघडते. झाडाच्या स्वतःच्या जनुकातला बदल सहसा असा चढत नाही, कांडी आपल्या मूळ पानांनीच वाढते.

झाडाच्या वयाचाही विचार हवा. भेंडीची खालची पानं कमी खाचांची आणि वरची खोल खाचांची, हे सगळ्याच भेंडीत असतं. तोंडलीच्या तर एकाच वेलावर तऱ्हेतऱ्हेची पानं मिळतात. तुलना नेहमी त्याच वयाच्या, त्याच सावलीतल्या झाडाच्या त्याच पेराशी करावी. माझ्याकडे वहीत दाबून सुकवलेली पानं असतात, तळापासून मोजून आठवं पान, वेगळ्या झाडाचं आणि शेजारच्याचं समोरासमोर. फोटोत आकार नीट कळत नाही. पान जरा वळलेलं असलं तरी खाच उथळ दिसते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: बी कुठलं? बाजारातल्या संकरित वाणाच्या फळातून बी काढून लावलं असेल, तर पुढच्या पिढीत तऱ्हेतऱ्हेची झाडं फुटणारच. दडलेला गुण वर आला, नवं काही घडलेलं नाही. तपासायची रीत तीच, फक्त 'मी नवीन जात शोधली' असं गावभर सांगू नका.

दुसरी पायरी: स्वतःचंच बी धरा

झाड तपासणीत टिकलं, तर त्याच्या फुलाला परके परागकण लागू न देता बी धरायचं. कोकणात हे काम पावसाळ्यात करण्यात अर्थ नाही. पराग भिजतो, कागदी पिशवीला बुरशी येते. भातकापणीनंतर लावलेला टोमॅटो थंडीत फुलतो, तेव्हा हवा कोरडी असते. पिशवी मलमलची शिवा.

टोमॅटो आणि चवळी मुळात आपलाच पराग घेतात, फुलाचा घोस झाकला की झालं. भेंडी बहुतांश स्वतःचाच पराग घेते, पण मधमाश्या आणि भुंगे त्यात चांगलीच भेसळ करतात. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखता येते: टोक फुगलेलं आणि पिवळसर असतं. त्या टोकाला दोरा बांधा म्हणजे फूल उघडणारच नाही आणि आतल्या आत काम होईल. देठाला रंगीत लोकर बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी ती भेंडी तोडून भाजीत घालणार.

वेलभाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी. दोन्ही कळ्या उमलायच्या आधी बांधायच्या आणि उमलायच्या वेळी नराचा पराग मादीला लावून पुन्हा बांधायचं. काकडी आणि कारलं सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी तिन्हीसांजेला, म्हणून त्यांच्या कळ्या दुपारीच बांधून ठेवाव्या लागतात.

झाडाच्या फक्त एका फांदीवर वेगळी पानं असतील तर त्याच फांदीवरच्या फुलांचं बी वेगळं धरा. अशा फांदीतला बदल कधी फक्त वरच्या पेशीथरात असतो. पराग आणि बीजांड बनवणाऱ्या थरापर्यंत तो पोचलेला नसेल, तर बियांतून काहीच उतरत नाही. अळू किंवा रताळ्यात बियांची भानगड नसते. कंद किंवा वेल लावला की गुण सहसा टिकतो, पण मग पुढे येणारी ३:१ ची गणितंही करता येत नाहीत.

तिसरी पायरी: बी पेरा, शेजारी साधं बी पेरा

वेगळ्या झाडाचं बी आणि त्याच वाणाच्या साध्या झाडाचं बी एकाच दिवशी, एकाच मातीत, शेजारीशेजारी पेरा. साध्या बियांची ओळ नसेल तर पुढचे सगळे तर्क लंगडे.

सगळी रोपं आईसारखी निघाली तर गुण बियांतून उतरतो आणि झाडात दोन्ही प्रती बदललेल्या होत्या. काही वेगळी, काही साधी निघाली तर झाडात बहुधा एकच प्रत बदललेली होती, म्हणजे गुण प्रभावी किंवा अर्धप्रभावी (एका प्रतीने अर्धवट दिसणारा). सगळी साधी निघाली तर वेगळेपणा पिढीजात नव्हता, किंवा फांदीच्या वरच्या थरापुरता होता. एक खबरदारी: चवळीत काही विषाणू बियांतूनही जातात. पण तेव्हा थोडीच रोपं बिघडतात, ती खुरटलेली असतात आणि पानांवर चट्टेपट्टे दिसतात. जनुकाचा बदल असा अर्धवट, डागाळलेला सहसा नसतो.

चौथी पायरी: साध्या झाडाशी संकर

संकराचा हात बसवायला टोमॅटो सर्वांत सोपा, चवळी सर्वांत चिवट. चवळीची नाजूक कळी चिमटा लागताच गळते.

टोमॅटोची उद्या-परवा उमलणारी, फिकट पिवळी कळी घ्या. पाकळ्या हलकेच बाजूला सारल्या की पिवळा शंकू दिसतो. ते एकमेकांना चिकटलेले परागकोश, आणि त्यांच्या पोकळीत कुक्षीवृंत, म्हणजे टोकाला पराग घेणारी कुक्षी असलेली काडी, उभा. चिमटा शंकूच्या बुडाशी धरून तो अलगद ओढून काढा, मधली हिरवी काडी मोडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दव उतरल्यावर बापाच्या झाडाचं पूर्ण उमललेलं फूल चमच्यावर टिचकीने झटका, पिवळी पूड पडेल. ती कुक्षीला लावा. मग त्या फुलाची दोन हिरवी निदलं (पाकळ्यांखालची हिरवी पानं) कात्रीने कापून टाका. पुढे फळ पिकेपर्यंत ती खूण राहते, चिठ्ठी पावसावाऱ्यात गेली तरी.

मादी कोण आणि नर कोण, यातही शहाणपण आहे. अप्रभावी गुणाचं झाड मादी ठेवा. बटाटापानी झाडावर साध्याचा पराग लावला आणि निघालेली रोपं कातरलेल्या पानांची असली, तर संकर झाला याची खात्री. एखादं बटाटापानी निघालं तर तिथे तुमचा चिमटा चुकला आणि फुलाने आपलाच पराग घेतला. चिमटा किती चुकतो, हे रोपवाटिकेतच कळतं.

पाचवी पायरी: दुसरी पिढी मोजा

संकराची पहिली पिढी बघा: सगळी साधी निघाली तर गुण अप्रभावी, सगळी वेगळी निघाली तर प्रभावी, मधलीच तऱ्हा निघाली तर अर्धप्रभावी. मधल्या तऱ्हेचं प्रसिद्ध उदाहरण कापसात आहे. तिथल्या खोल खाचांच्या पानाला भेंडीचंच नाव मिळालंय, 'ओक्रा लीफ', आणि साध्या कापसाशी त्याचा संकर केला की मध्यम खाचांचं पान येतं. चवळीत अरुंद, भाल्यासारखं पान रुंद पानावर प्रभावी ठरतं. टोमॅटोचं बटाटापान अप्रभावी. त्याचं जनुक 'सी' या नावाने ओळखलं जातं आणि ते सहाव्या गुणसूत्रावर आहे.

पहिल्या पिढीचं स्वपरागणाने बी धरून दुसरी पिढी पेरा. किती रोपं? अप्रभावी गुणाचं निदान एक रोप दिसण्याची ९५ टक्के खात्री ११ रोपांत मिळते. पण प्रमाण तपासायचं तर ८० ते १०० हवीत. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, तरी घाबरू नका. बटाटापान चार-पाच खरी पानं आली की ओळखू येतं, म्हणून प्रोट्रेमध्येच (रोपांच्या खणांच्या ट्रेमध्येच) मोजून मोकळं होता येतं. त्याआधी मोजू नका, टोमॅटोची पहिली पानं सगळ्यांचीच कमी कातरलेली असतात. न उगवलेल्या आणि मेलेल्या बियांचीही नोंद ठेवा. दुबळी रोपंच आधी मरतात आणि प्रमाण वाकडं होतं.

समजा ९६ रोपांत ७८ कातरलेली आणि १८ बटाटापानी निघाली. एका अप्रभावी जनुकाच्या ३:१ हिशेबाने (चारांत तीन साधी, एक वेगळं) ७२ आणि २४ हवी होती. फरक ६. त्याचा वर्ग ३६. ३६ भागिले ७२ म्हणजे ०.५, ३६ भागिले २४ म्हणजे १.५, बेरीज २. ही काय-स्क्वेअर कसोटी: अपेक्षेपासूनचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का, हे ती सांगते. दोन गटांसाठी ही बेरीज ३.८४ च्या आत असेल तर ३:१ नाकारायचं कारण नाही. तीन गट असतील, म्हणजे अर्धप्रभावी गुणाचं १:२:१ तपासत असाल, तर मर्यादा ५.९९. याच आकड्यांवर दोन जनुकांच्या प्रमाणांपैकी ९:७ चा हिशेब लावला तर बेरीज २४ च्या वर जाते आणि १५:१ चा लावला तर २५ च्या वर, म्हणून ते दोन्ही बाद.

पण आकड्यांवर भाळू नका. हेच ७८ आणि १८ दोन जनुकांच्या १३:३ या प्रमाणाला तर तंतोतंत बसतात! म्हणून दुसऱ्या पिढीतली बटाटापानी रोपं वाढवा आणि प्रत्येकाचं बी वेगवेगळं पेरा. जनुक एकच आणि अप्रभावी असेल तर प्रत्येकाची सगळी पोरं बटाटापानीच निघतील. काहींच्या पोटी कातरलेली निघाली तर मधे दुसऱ्या जनुकाचा हात आहे. भेंडीत असा गुंता जास्त. तिच्या बहुतेक वाणांत १३० च्या आसपास गुणसूत्रं असतात आणि एकेका जनुकाच्या जास्तीच्या प्रती असू शकतात, त्यामुळे स्वच्छ ३:१ मिळालं नाही तरी नवल वाटू नये. तिथे खाचांची खोली पट्टीने मोजून लिहावी, 'खोल' आणि 'उथळ' असे दोन ढीग करू नयेत.

सहावी पायरी: उपयोग बघा

पान बदललं की पीक सुधारलं असं नसतं. पानाचं जनुक फुलाफळाच्या घडणीतही हात घालतं, म्हणून फळधारणा, आकार, बियांची संख्या यांची साध्या ओळीशी तुलना करा. काहींचा मोठा फायदा झालाही आहे. वाटाण्याच्या 'अफिला' प्रकारात पर्णिकांच्या जागी ताणे येतात, झाडं एकमेकांना धरून उभी राहतात आणि शेंगा जमिनीला टेकत नाहीत.

माझ्या मते परसातल्या माणसाला याचा खरा उपयोग बियांची शुद्धता तपासायला होतो. बटाटापानी टोमॅटो दरवर्षी स्वतःच्या बियांतून लावत असाल, आसपास साधे टोमॅटो असतील आणि २०० रोपांत ४ कातरलेल्या पानांची निघाली, तर २ टक्के भेसळ झाली, हे फुलाफळाची वाट न बघता समजतं. ती चार रोपं तिथल्या तिथे उपटायची. पानावर खूण नसलेल्या वाणात ही सोय नाही.

वाण खरोखर वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं निघालं, तर २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला त्याची नोंदणी मागता येते. या तीन अटींसाठी वरची वही आणि दाबलेली पानं कामी येतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. जाताना शेजारच्या साध्या झाडाची पानं आणि बीही बरोबर न्या, नाहीतर तिथलाही पहिला प्रश्न 'साधं झाड कुठे आहे?' हाच येईल.

राहिलं बियांचं. टोमॅटोचा गर आपल्या उष्ण हवेत एक-दोन दिवसांतच आंबतो. त्याहून जास्त ठेवला तर बी तिथेच कोंब काढतं. धुऊन सावलीत वाळवा. मृगाच्या आधी पुन्हा एकदा ऊन दाखवून, तळाशी कोरडी चाळलेली राख घातलेल्या काचेच्या बाटलीत भरा. पिढी, आईबाप आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका; बाहेर चिकटवलेली श्रावणापर्यंत गळून पडते.